ह. धी. सांकलिया: संशोधन, शिष्य आणि सायटेशन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरातत्त्वाचे विद्यार्थी, नेट-सेटची तयारी करणारे आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक सांकलियांबद्दल साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांची लांबी सारखी नाही. काही प्रश्न एका ओळीत संपतात, काहींना पानभर लागतं.

सांकलिया नेमके कोण?

हसमुख धीरजलाल सांकलिया. जन्म मुंबईत, १० डिसेंबर १९०८ रोजी. निधन २८ जानेवारी १९८९. घरची भाषा गुजराती, शिक्षण संस्कृत आणि इंग्रजीचं आणि सगळी कारकीर्द पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. भारतातल्या प्रागितिहासाचा, म्हणजे लेखी नोंदींच्या आधीच्या काळाचा अभ्यास त्यांच्याआधी मुख्यतः भूगर्भशास्त्रज्ञ आणि हौशी अधिकारी करत. त्याला विद्यापीठातल्या विषयाचं रूप देणाऱ्यांत सांकलियांचं नाव पहिल्या ओळीत येतं. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

नाव सांकलिया की सांकळिया?

मराठीत दोन्ही दिसतात. इथे सांकलिया वापरलं आहे. हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, पुढे सायटेशनच्या, म्हणजे हवाल्यांच्या हिशेबात तो पुन्हा येईल.

त्यांचा मूळ विषय अश्मयुग होता का?

अजिबात नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला, तो १९३४ साली पुस्तकरूपाने आला. मग लंडनला जाऊन पीएच.डी. केली ती गुजरातच्या पुरातत्त्वावर, म्हणजे देवळं, शिल्पं आणि शिलालेख यांवर. तो प्रबंध १९४१ मध्ये छापला गेला. मात्र लंडनच्या त्या वर्षांत ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसल इथल्या उत्खननावर जाऊन आले. थर वाचायचे कसे, खड्ड्याची भिंत सरळ का ठेवायची, हे तिथं कळलं.

१९३४ मध्ये बंद पडलेलं डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्या वेळी घेतलेल्या मोजक्या माणसांत सांकलिया होते, इरावती कर्वे होत्या, मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यं. शं. शेजवलकर होते. एवढी भिन्न प्रकृतीची माणसं येरवड्याच्या त्या एका आवारात वावरत होती, हे आठवलं की आजच्या विभागवार केबिनी जरा केविलवाण्या वाटतात.

मग दगडांकडे ते वळले कसे?

साबरमतीमुळे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं मान्यताप्राप्त पुराश्मयुगीन (अश्मयुगाच्या सर्वांत जुन्या टप्प्यातलं) हत्यार शोधलं. निवृत्तीनंतर ते बडोदा संस्थानात काम करत असताना साबरमतीच्या खोऱ्यातही त्यांना अशी हत्यारं मिळाली होती. पण त्यानंतर तिकडे कोणी नीट फिरकलं नव्हतं. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक का. ना. दीक्षित यांनी सुचवलं आणि १९४१-४२ मध्ये सांकलियांची पहिली गुजरात प्रागैतिहासिक मोहीम निघाली. फूट खरे ठरले. शिवाय मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला वाळूच्या टेकाडांत सूक्ष्मास्त्रं (दगडाची अगदी लहान हत्यारं) आणि माणसांचे सांगाडे मिळाले. सांगाडे पाहायला इरावतीबाई होत्याच. त्या दोघांचा लांघणजवरचा लेख १९४९ मध्ये ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये छापून आला.

एका संस्कृतच्या विद्यार्थ्याची वाट अशी बदलली. वयाच्या तिशीनंतर त्यांनी नदीपात्रातली वाळू आणि दगडगोट्यांचे थर वाचायला शिकायला सुरुवात केली. उशिरा सुरुवात झाली म्हणून खचलेल्या संशोधकांनी ही तारीख लिहून ठेवायला हरकत नाही.

महाराष्ट्रात त्यांनी काय शोधलं?

या प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी लागते. दक्षिणेतल्या हातकुऱ्हाडी क्वार्टझाइटच्या असत. महाराष्ट्र बहुतेक काळ्या बेसॉल्टचा. इथे हत्याराला योग्य दगड नाही, म्हणून आदिमानवही नसावा, असा एक समज बराच काळ होता. के. आर. यू. टॉड यांनी १९३० च्या दशकात मुंबईच्या कांदिवलीत हत्यारं शोधून त्याला छेद दिला, पण तो किनाऱ्याचा भाग झाला. देशावरचं काय? नाशिकजवळ गोदावरीकाठी गंगापूरला सांकलियांना हत्यारं मिळाली. त्यावरची त्यांची पुस्तिका १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने काढली. माणूस होता आणि त्याने ट्रॅपमधलाच, म्हणजे या बेसॉल्टच्या थरांमधलाच योग्य दगड निवडून काम भागवलं होतं.

मग नेवासं. ज्ञानेश्वरांमुळे हे गाव घराघरांत माहीत आहे. १९५४ ते १९५६ या काळात लाडमोड टेकाडावर उत्खनन झालं, त्यात मराठा-मुस्लीम काळापासून रोमन व्यापाराच्या खुणांपर्यंत आणि खाली थेट ताम्रपाषाणयुगापर्यंत (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या काळापर्यंत) वस्ती निघाली. पण अश्मयुगाच्या दृष्टीने खरी गंमत टेकाडाबाहेर, प्रवरेच्या काठावर होती. तळच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर (रुंद, सरळ धारेची हत्यारं). त्याच्या वरच्या, वेगळ्या थरात लहान, सुबक छिलके (दगडावरून उडवलेले तुकडे) आणि त्यांच्यापासून केलेल्या तासण्या आणि टोकं. दगडही बदललेला, चर्ट आणि जॅस्परसारखा बारीक पोताचा. अशी छिलक्यांची हत्यारं इतरत्र सुटी सापडत होती, पण ती हातकुऱ्हाडींच्या नंतरची आणि सूक्ष्मास्त्रांच्या आधीची, हे थराच्या पुराव्यानं नेवाशात दिसलं. म्हणजे भारतात मध्य पुराश्मयुग असा वेगळा टप्पा आहे. सांकलियांनी त्याला ‘नेवासियन’ म्हटलं. याच थरांतल्या प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांवर आणि हत्यारांवर त्यांचा लेख १९५६ मध्ये ‘एन्शंट इंडिया’च्या बाराव्या अंकात आला.

उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये निघाला, देव, अन्सारी आणि एरहार्ट यांच्यासह. त्याच्या नावात ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा उलटा प्रवास आहे. खोदणारा माणूस वरून खाली जातो, त्यामुळे नाव प्रामाणिक आहे.

ते फक्त पुराश्मयुगाचेच अभ्यासक होते का?

नाही, आणि इथेच त्यांच्या सायटेशनचा गुंता सुरू होतो. कोल्हापूरचं ब्रह्मपुरी, संगमनेरजवळचं जोर्वे, नाशिक, नर्मदेवरचं महेश्वर आणि नावडातोली, राजस्थानातलं आहाड, शेवटी भीमेकडच्या घोड नदीवरचं इनामगाव. यातली बहुतेक नावं ताम्रपाषाणयुगाशी जोडली गेली. ‘जोर्वे’ हे मातीच्या भांड्यांचं नाव त्या एका गावावरून पडलं आणि आज पश्चिम महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल बोलायचं तर तो शब्द टाळता येत नाही. त्यामुळे सांकलियांच्या नावावर दिसणाऱ्या एकूण संदर्भांत पुराश्मयुगाचा वाटा वेगळा काढायला बसलात, तर संध्याकाळ जाईल.

सायटेशन म्हणजे काय? संदर्भच ना?

हो, एका लेखाने दुसऱ्याचा दिलेला हवाला. ग्रंथालयात त्याला उद्धरण म्हणतात, पण विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये सगळे सायटेशनच म्हणतात.

मराठीत ‘संदर्भ’ हा शब्द मात्र पुरातत्त्ववाल्याला दोनदा कामी येतो. लेखाच्या शेवटी देतात तो संदर्भ आणि हत्यार ज्या थरात, ज्या वस्तूंच्या सोबतीनं सापडलं तोही संदर्भ. थर माहीत नसलेली हातकुऱ्हाड कपाटात छान दिसते, पण तिच्यावरून काळ सांगता येत नाही. सायटेशनच्या आकड्याचंही तसंच आहे. कोणी, कशासाठी आणि कोणत्या वर्षी हवाला दिला हे कळलं, तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

एच-इंडेक्स कसा काढतात?

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये ही मोजणी सुचवली. लेख सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा, पाच लेख आहेत आणि त्यांना अनुक्रमे २०, ११, ६, ४ आणि १ हवाले मिळालेत. चौथ्या लेखाला किमान ४ आहेत, पाचव्याला ५ नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ४. गुगल स्कॉलर आय-टेन नावाचा आणखी एक आकडा दाखवतं, त्यात दहा किंवा जास्त हवाले मिळालेले लेख मोजतात. या उदाहरणात तो २.

यातली मेख अशी की एखाद्याने आयुष्यात तीनच ग्रंथ लिहिले आणि प्रत्येकाचा हवाला हजारदा दिला गेला, तरी त्याचा एच-इंडेक्स ३ च्या वर जात नाही. पुरातत्त्वात जाडजूड अहवाल लिहिणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

मग सांकलियांचा एच-इंडेक्स किती?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे मुद्दाम आकडा दिलेला नाही. त्याची कारणं त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहेत.

एक तर काळ. युजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ साली सुरू झाला. गुगल स्कॉलर आणि स्कोपस या हवाले मोजणाऱ्या सूच्या दोन्ही २००४ च्या. सांकलियांची नेवाशाची, गोदावरीची, लांघणजची कामं त्याआधीच छापून झाली होती. स्कोपसमध्ये संदर्भयाद्या नोंदल्या आहेत त्याही प्रामुख्याने १९७० नंतरच्या लेखांच्या. म्हणजे ज्या दशकात नेवासियनवर सर्वांत जास्त भांडणं आणि चर्चा झाली, ती जवळजवळ हिशेबाबाहेर राहिली.

दुसरं, छापलं कुठं. डेक्कन कॉलेजचे मोनोग्राफ, संस्थेचं बुलेटिन, पुरातत्त्व खात्याची प्रकाशनं. ‘पुरातत्त्व’ हे नियतकालिक १९६७ चं आणि ‘मॅन अँड एन्व्हायर्नमेंट’ १९७७ चं. भारतीय प्रागितिहासाचा कणा यांतच आहे आणि परदेशी सूच्यांना ही नावं वर्षानुवर्षं माहीतच नव्हती.

तिसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ या वार्षिकात दर वर्षीच्या शोधांच्या चार-दोन परिच्छेदांच्या नोंदी येत. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कितीतरी शोधांची पहिली बातमी तिथे आहे. पण पुढचा लेखक हवाला देताना अंकाचं आणि वर्षाचं नाव लिहितो, शोधणाऱ्याचं नाही. श्रेय अंकाच्या खात्यात जमा होतं.

आणि चौथं म्हणजे नाव. एच. डी. सांकलिया, नुसते सांकलिया, कधी पूर्ण नाव, स्कॅनमध्ये अक्षरं चुकलेली. सहलेखकांचे अहवाल तर आणखी विखुरलेले. गुगल स्कॉलरवर शोधलंत तर पुष्कळ नोंदींच्या आधी चौकटी कंसात नुसतं ‘सायटेशन’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ मूळ मजकूर तिथे नाही, कोणीतरी हवाला दिला म्हणून तिचं अस्तित्व समजलं, एवढाच. एकाच पुस्तकाच्या अशा दोन-चार नोंदी सहज निघतात. प्रोफाइल लेखकाने स्वतः बनवायचं असतं, ते १९८९ मध्ये गेलेल्या माणसाने बनवण्याचा प्रश्नच नाही.

त्यांचं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं लिखाण कोणतं?

भारत आणि पाकिस्तानच्या प्रागितिहासाचा त्यांचा मोठा ग्रंथ. पहिली आवृत्ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, दुसरी १९७४ ची आणि खूप वाढवलेली. एक तपभर वर्षांत विषय किती पुढे गेला हे या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की दिसतं. एकट्या माणसाने अख्ख्या उपखंडाचा आढावा घ्यायचा, स्वतःच तो जुना ठरवायचा आणि पुन्हा लिहायचा, याला वेगळीच चिकाटी लागते.

दुसरं पुस्तक आकाराने लहान, पण विद्यार्थ्यांच्या हातात जास्त काळ राहिलेलं: १९६४ मधलं दगडी हत्यारांवरचं. हत्यार कसं घडवत, त्याला काय म्हणायचं, ते कशासाठी वापरलं असावं. हातकुऱ्हाडीचं चित्र कसं काढायचं हे पुष्कळांनी त्यातून उचललं. अशा पुस्तकाचा हवाला मात्र क्वचित दिला जातो. सुतार आपल्या पटाशीचं नाव कुठे लिहितो?

तिसरा एक लेख, जो मला वैयक्तिकरीत्या सर्वांत उत्सुकतेचा वाटतो. १९६४ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘भारत-पाकिस्तानातील मध्य अश्मयुग’ (म्हणजेच मध्य पुराश्मयुग) या विषयावर त्यांचा अकरा पानांचा लेख आला. सायटेशन इंडेक्सही त्याच वर्षीचा. नेवाशाच्या प्रवरेकाठचा पुरावा जगभरच्या वाचकांपुढे ठेवणारा हा लेख आणि हवाले मोजणारं यंत्र, दोन्ही एकाच साली जन्माला आले.

‘नेवासियन’ हा शब्द आज कमी दिसतो. मग शोध फसला का?

उलट. शोध इतका पचला की नाव गळून पडलं. आज भारतातल्या मध्य पुराश्मयुगावर लिहिणारा प्रत्येक जण त्या टप्प्याचं अस्तित्व गृहीत धरतो. ते नेवाशात सिद्ध झालं हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याचं वर्णन केलं आहे: कल्पना सर्वमान्य झाली की तिच्या जनकाचा हवाला देणं थांबतं. त्यामुळे खूप यशस्वी कामाचं सायटेशन काही काळानं घटतं.

मग जास्त सायटेशन कशाला मिळतं?

पुष्कळदा वादाला. उदाहरण पुणे जिल्ह्यातलंच घ्या. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे. तिथे नदीच्या थरात ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा मिळाला आणि त्याच्याशी निगडित पुराश्मयुगीन हत्यारं. राखेचं वय काढता येतं, म्हणजे हत्यारांचंही काढता येईल. १९८९ मध्ये रवी कोरिसेट्टर आणि सहकाऱ्यांनी पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षं असं वय जाहीर केलं. १९९५ मध्ये शीला मिश्रा, शरद राजगुरू आणि इतरांनी आर्गॉनच्याच दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षं ठेवलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने राखेची रासायनिक ओळख तपासून म्हटलं की ही सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची राख, म्हणजे फक्त ७५ हजार वर्षांच्या आसपासची. या तिसऱ्या लेखाच्या लेखकांत कोरिसेट्टर आहेत. स्वतःच्या जुन्या निष्कर्षाविरुद्धच्या पुराव्यावर नाव घालायला जे लागतं, ते कोणत्याही इंडेक्समध्ये मोजत नाहीत.

वाद नंतरही चालू राहिला आणि प्रत्येक नव्या लेखाला आधीच्या तिन्हींचा हवाला देणं भाग पडलं. चुकीच्या ठरणाऱ्या वयालाही सायटेशन मिळतं, कारण ते खोडून काढायचं तरी नाव घ्यावंच लागतं. यंत्राला ‘पटलं’ आणि ‘पटलं नाही’ यातला फरक कळत नाही.

सांकलियांचं कधी चुकलं का?

हो, आणि मोठ्या माणसाबद्दल हे लिहिलं की काही वाचक रागावतात. भारतात युरोपसारखं उत्तर पुराश्मयुग (पुराश्मयुगाचा शेवटचा टप्पा) नाही, अशी १९६० च्या दशकात सर्वसाधारण समजूत होती आणि त्यांच्या सुरुवातीच्या मांडणीतही त्याला जागा नव्हती. त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केलेले एम. एल. के. मूर्ती यांनी आंध्रात रेणिगुंट्याला लांबट पात्यांची हत्यारं दाखवली. पुढे जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे शां. अ. साळी यांनी शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाच्या मण्यांसह हा टप्पा भक्कम केला. १९७४ च्या आवृत्तीत सांकलियांनी तो घेतला.

नदीच्या थरांवरून ओलं-कोरडं हवामान ओळखायची त्या काळची पद्धतही नंतर बदलली. १९४० च्या दशकाअखेर लंडनहून झॉयनर हे अभ्यासक आले, त्यांनी गुजरातच्या थरांवर लिहिलं आणि ती चौकट बराच काळ चालली. ती मोडून नव्यानं मांडण्यात डेक्कन कॉलेजचेच राजगुरू पुढे होते.

रामायणाचं प्रकरण वेगळं. १९७३ मध्ये त्यांनी रामायणावर पुस्तक लिहिलं आणि लंका आजच्या श्रीलंकेत नसून मध्य भारतात, छोटा नागपूरच्या आसपास शोधावी असं मत मांडलं. त्यावर गदारोळ झाला. आजही अनेकांना सांकलिया हे नाव हातकुऱ्हाडीमुळे नाही, तर लंकेमुळे माहीत असतं. त्या पुस्तकाची चर्चा वर्तमानपत्रांत, व्याख्यानांत, ओसरीवरच्या गप्पांत झाली. असल्या चर्चेची कुठल्याच सूचीत नोंद होत नाही.

शिष्यांचा इतका उल्लेख का होतो?

कारण त्यांचा प्रभाव सर्वांत स्पष्ट तिथे दिसतो. सांकलियांची पद्धत साधी होती: विद्यार्थ्याला एक नदी किंवा एक जिल्हा द्यायचा आणि पायी फिरायला पाठवायचं. रा. वि. जोशी मलप्रभेच्या खोऱ्यात गेले. सुब्बाराव बेल्लारीत. मोहपात्रा ओरिसात. वीरेंद्रनाथ मिश्र राजस्थानात. मूर्ती चित्तूर जिल्ह्यात. प्रत्येकजण बूट झिजवून, थरांचे छेद काढून, पोत्यात दगड भरून परत आला. काही दशकांत उपखंडाच्या नकाशावरची कोरी जागा भरत गेली.

आणि हे विद्यार्थी तिथेच थांबले नाहीत. सुब्बाराव बडोद्याच्या विद्यापीठात गेले. मिश्रांनी पुढे भीमबेटकाच्या एका गुहेत मोठं उत्खनन केलं. कटरगड्डा पदैय्या यांनी कर्नाटकातल्या हुणसगी-बैचबाळ खोऱ्यात आयुष्य घालवलं, तिथल्या इसामपूरला दगड फोडून हत्यारं घडवण्याची जागाच सापडली. इसामपूरला प्राण्यांच्या दातांवरून मिळालेलं सुमारे १२ लाख वर्षांचं वय २००२ मध्ये जाहीर झालं. जर्मनीच्या गुडरून कॉर्व्हिनस यांनी नेवाशाजवळच्या चिरकीला प्रवरेकाठी हातकुऱ्हाडींचं सविस्तर उत्खनन केलं आणि १९८० च्या दशकात त्याचे दोन खंड काढले. सांकलियांनी ज्या नदीवर बोट ठेवलं होतं, तीच नदी.

आता या सगळ्यांच्या सायटेशनमध्ये सांकलियांचा वाटा किती धरायचा? असा कोणताही सर्वमान्य आकडा नाही. गायकीतलं घराणं मोजायला आपण रेकॉर्ड किती खपल्या हे बघत नाही, शिष्याच्या आलापात गुरूची जागा ऐकू येते का ते बघतो.

आजच्या संशोधकांचे आकडे इतके मोठे कसे?

कामाचं स्वरूप बदललं. तमिळनाडूतल्या अत्तिरंपक्कमचं उदाहरण घ्या. तिथलं पहिलं हत्यार फूट यांनी १८६३ मध्येच उचललं होतं. शांती पप्पू, ज्यांची पीएच.डी. डेक्कन कॉलेजचीच, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये तिथल्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं असं आलं. विश्वकिरणांमुळे दगडात तयार होणाऱ्या समस्थानिकांवरून ते काढलं होतं. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये मध्य पुराश्मयुगाची सुरुवात तिथे सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी झाली असं मांडलं गेलं. अशा लेखात उत्खनन करणारे, वय काढणारे, भूरूपशास्त्रज्ञ, सगळे सहलेखक असतात. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या माणसांबद्दल कुठेही कोणी लिहिलं की हे लेख उघडावे लागतात. हवाले झपाट्याने जमतात आणि प्रत्येक सहलेखकाच्या खात्यात पूर्ण पडतात, वाटणी होत नाही.

२०१८ च्या त्या लेखाचा प्रश्न मध्य पुराश्मयुग केव्हा सुरू झालं हा होता. मध्य पुराश्मयुग आहे का, हा प्रश्न नेवाशात आधीच मिटला होता.

नोकरी किंवा पदोन्नतीसाठी हे आकडे वापरणं योग्य आहे का?

सोबत वाचन असेल तर वापरा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या घोषणापत्राने, ज्याला डोरा म्हणतात, नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाला जोखू नका असं बजावलं. आपल्याकडे मात्र पॉइंट जमवायची घाई अजून ओसरलेली नाही. क्षेत्रकामाला पाच वर्षं, अहवालाला दहा, अशा विषयात दर वर्षी दोन लेख मागितले की मग एका उत्खननाचे आठ तुकडे होतात. इनामगावचं उत्खनन १९६८ ला सुरू झालं आणि धवलीकर, सांकलिया, अन्सारी यांचा अंतिम अहवाल १९८८ चा. आजच्या अर्जात ती वीस वर्षं कोणत्या रकान्यात भरायची?

माझ्या प्रबंधात सांकलियांचा हवाला कसा द्यावा?

मूळ पान उघडून. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कुठल्यातरी नव्या लेखातली संदर्भाची ओळ जशीच्या तशी उचलणं. मग पहिल्याची चूक पन्नास प्रबंधांत उतरते. मोठ्या ग्रंथाची आवृत्ती नक्की लिहा, कारण पहिल्या आणि १९७४ च्या आवृत्तीत मतं बदललेली आहेत. नेवासं, महेश्वर, नावडातोलीच्या अहवालांना सगळ्या लेखकांची नावं द्या. ‘सांकलिया म्हणतात’ असं लिहून देव आणि अन्सारींना गाळू नका.

मराठीत काही वाचायला आहे का?

आहे. सांकलिया आणि म. श्री. माटे यांचं ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’, १९७६. सायटेशनच्या परदेशी सूचीत हे शोधून सापडणार नाही. जिल्ह्याच्या ग्रंथालयात विचारा. गुजरातीतही त्यांनी लिहिलं आणि त्या लेखनासाठी १९६६ चं रणजितराम सुवर्णचंद्रक मिळवलं. आत्मचरित्र इंग्रजीत, १९७८ चं.

नेवाशाला गेलं तर ती जागा बघता येईल का?

प्रवरेच्या काठावर घट्ट झालेले गोट्यांचे थर आजही दिसतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जा. छेदाकडे बघताना खालचा जाड गोट्यांचा थर आणि त्याच्या वरचा बारीक थर आधी वेगळे ओळखा, मगच हत्यार शोधा. काही दिसलं तर शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, ठिकाण आणि थर लिहून घ्या आणि दगड जिथे आहे तिथेच राहू द्या.